बोट डुकरिणीवर आदळली!

"तंबू झाला, काड्यापेटी झाली, बटाटे झाले... तूरे! तो सॉसेजचा पुडा आधी खिशातून बाहेर काढ!"

"मी खात नव्हतो, सांभाळत होतो!" दहा वर्षांचा तूरे तोंड पुसत म्हणाला.

"हो ना, पोटात सांभाळत होतास!" त्याच्या बहिणीने, सोलवेगने, पुडा हिसकावून घेतला. ती त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठी होती, पण हुकूम सोडायची असे की शाळेच्या मुख्याध्यापकांनीही दोन पावलं मागे सरकावं!

सुट्टी लागून दोन आठवडे झाले होते. बुधवार ते शुक्रवार समोरच्या बेटावर तंबू ठोकून राहायचं, मासे पकडायचे, भाजायचे आणि घरी कुणालाही न सांगता कॉफी करून प्यायची, असा बेत होता. तंबूत तिघं असणार होते. तिसरी होती पिर्यो.

पिर्यो धक्क्यावर आली खरी, पण तिच्या पाठीवर पिशवी नव्हती.

"मी येत नाही," ती म्हणाली. "आम्ही सामान बांधतोय."

"सामान? कशाला?"

"परवा बंदर-समितीची सभा आहे. बाबांना काढून टाकणार आहेत. मग घरही जाईल. कप्तानाला घर मिळतं ना, आता ते कप्तानच राहणार नाहीत!" एवढं बोलून पिर्योने तोंड फिरवलं. तिला रडताना कुणी पाहिलेलं अजिबात खपत नसे.

गोष्ट अशी होती. पिर्योचे बाबा, ताइस्तो लेहतोवारा, 'स्वालान' या प्रवासी बोटीचे कप्तान. बेटांवरच्या लोकांना गावात आणायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं, हे त्यांचं काम. गेल्या गुरुवारी एकोणीस माणसं आणि दोन मेंढ्या घेऊन येताना स्वालान 'करड्या डुकरिणी'वर आदळली. करडी डुकरीण म्हणजे बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली दबा धरून बसलेला खडक. माणसं वाचली, मेंढ्याही वाचल्या, पण बोटीच्या पोटाला हे एवढं मोठं भोक पडलं!

आमच्या ग्रानहामन गावची माणसं वाईट नाहीत हो. पण इथे चारांतल्या तीन घरांत स्वीडिश बोलतात आणि चौथ्या घरात फिनिश. रस्त्यावरच्या पाट्यांवर दोन्ही भाषा एकीखाली एक सुखाने नांदतात, माणसांना मात्र ते दर वेळी जमतंच असं नाही. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं! लेहतोवारा कुटुंब फिनिश. त्यातून आलेलं तळ्यांच्या प्रदेशातून. आधीचे कप्तान एडविन सांडविक कमरेच्या दुखण्याने शरद ऋतूत निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी हे मे महिन्यात आले. मग काय, बोलायला कारणच हवं होतं.

"डबक्यातला कप्तान!" धक्क्यावर कुणीतरी मोठ्याने बोललंच. ते होते रूनार बॅकलुंड. गावातले सगळ्यांत मोठे दुकानदार आणि बंदर-समितीचे अध्यक्ष. "समुद्र म्हणजे काय तळं वाटलं? रेषा धरून यायचं एवढं साधं काम! माझा नातूसुद्धा झोपेत करेल!"

"तुमचा नातू तीन वर्षांचा आहे, काका," तूरे म्हणाला.

"म्हणूनच म्हणतोय!" असं म्हणत बॅकलुंड तरातरा निघून गेले.

"बाबांनी रेषा धरली होती," पिर्यो दात आवळून म्हणाली. "शपथेवर सांगतात. अगदी बरोबर धरली होती."

ही रेषा कुठे लिहिलेली नाही. नकाशावरही नाही. समुद्रातून येताना समोर टोकावर बॅकलुंडांचं लाल होडीघर दिसतं. त्याच्या छपराखाली एक पांढरा रंगवलेला त्रिकोण आहे. त्याच्या मागे दूर गावातल्या चर्चचा मनोरा. त्रिकोण बरोबर मनोऱ्याच्या खाली ठेवायचा आणि डोळे झाकून आत यायचं. खोल पाणी तिथेच. आजोबा तसेच आले, पणजोबा तसेच आले.

"पण पिर्यो," सोलवेग चाचरत म्हणाली, "रेषेवर असते तर बोट डुकरिणीवर कशी जाईल? कदाचित त्यांचं लक्ष... म्हणजे क्षणभर..."

पिर्योने तिच्याकडे असं पाहिलं की सोलवेगला आपलीच जीभ चावावीशी वाटली.

"तूसुद्धा?" पिर्यो म्हणाली आणि वळून चालू लागली.

सोलवेग धावत तिच्या मागे गेली. "थांब! चुकलं माझं! ऐक तरी! त्यांनी रेषा धरली होती ना? मग आपण जाऊन बघू. त्याच रेषेने. आत्ताच!"

पिर्यो थांबली. "आणि तुमचा तंबू?"

"तंबू कुठे पळून जातोय? सॉसेज मात्र जातायत," सोलवेग म्हणाली. कारण तूरेचा हात पुन्हा पिशवीत गेला होता.

*

निघण्याआधी ते म्हाताऱ्या एडविनकाकांकडे गेले. काका ओसरीवर पाय लांब करून बसले होते. शेजारी कॉफीचं भांडं होतंच.

"रेषा तीच," काका ठामपणे म्हणाले. "चाळीस वर्षं मी त्याच रेषेने बोट आणली. मीच ताइस्तोला समजावून सांगितलं. त्रिकोण मनोऱ्याखाली. माणूस खोटं बोलेल, रेषा बोलणार नाही."

"म्हणजे माझे बाबा खोटं बोलतात?" पिर्योने सरळच विचारलं.

एडविनकाकांनी नजर कपाकडे वळवली. त्यांनी कपात साखरेचा खडा टाकला आणि बराच वेळ ढवळत राहिले.

"मग मे महिन्यात बाबा महिनाभर त्याच रेषेने आले, तेव्हा काही झालं नाही, ते कसं?"

"तेव्हा पाणी भरलेलं होतं. आता आठवडाभर वारा जमिनीवरून वाहतोय, पाणी हातभर तरी उतरलंय." आणि एवढं बोलल्यावर काकांच्या कपाळावर एक आठी पडली. "पण रेषेवर असल्यावर पाणी उतरलं काय नि चढलं काय, डुकरीण मध्ये येतच नाही. विचित्रच आहे."

"कुठेतरी पाणी मुरतंय!" तूरे बाहेर पडल्यावर कुजबुजला. पोटात सॉसेज असलं की त्याचं डोकं चांगलं चालतं.

*

तासाभरात तिघं वल्ही मारत बंदराच्या तोंडाशी पोहोचले. सोलवेगने दोराला शिसं बांधलं होतं आणि हातभर अंतरावर गाठी मारल्या होत्या. तूरेकडे तळाला काच लावलेली बादली होती. ती पाण्यावर धरली की खालचे मासे स्पष्ट दिसतात.

"डावीकडे... अजून थोडं... बास! त्रिकोण मनोऱ्याच्या बरोबर खाली!" पिर्यो ओरडली. "आता सरळ!"

"पाच हात!" सोलवेगने दोर ओढून सांगितलं. "पाच... पाच... चार..."

"रेषेवरच आहोत ना?"

"केसभरसुद्धा सरकलो नाही!"

"तीन... दोन..." सोलवेगचा आवाज बदलला. "पिर्यो, दोन!"

"थांबा! थांबा!" तूरेचं डोकं बादलीत होतं, त्यामुळे आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. "खाली डुकरीण आहे! अख्खी! आणि तिच्या पाठीवर लाल रंग लागलाय! स्वालानच्या तळाचा!"

तिघांनी आळीपाळीने पाहिलं. करड्या दगडावर लाल ओरखडा लख्ख दिसत होता. मग तिघांनी मान वर करून समोर पाहिलं. त्रिकोण मनोऱ्याच्या बरोबर खाली होता!

"बाबा खरं बोलत होते," पिर्यो हळूच म्हणाली. मग एकदम किंचाळली, "बाबा खरं बोलत होते!" होडी एवढी हलली की तूरेची बादली जवळजवळ गेलीच होती.

"पण मग डुकरीण चालत आली का इकडे?"

"डुकरीण नाही चालत," सोलवेग म्हणाली. "चर्चही नाही चालत."

तिघांची नजर एकाच वेळी लाल होडीघरावर गेली.

*

आमच्याकडे होडीघरं चालतात! यात कुणाला नवल वाटत नाही. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्यातून सुटलेली इथली जमीन अजूनही दर वर्षी नखभर वर येते आणि समुद्र मागे हटतो. आजोबांनी ज्या कडीला होडी बांधली, तिथे नातू गाय बांधतो. मग वीस-पंचवीस वर्षांनी होडीघर पाण्यापासून लांब पडलं की मार्च महिन्यात, बर्फ घट्ट असताना, खाली ओंडके घालायचे, ट्रॅक्टर लावायचा आणि अख्खं घर ओढून पाण्याशी न्यायचं. सगळेच नेतात. म्हणून तर कुणी लक्ष देत नाही.

बॅकलुंडांचं होडीघर गावापासून दूर, टोकावर एकटंच होतं. दाराला नवंकोरं कुलूप.

"होडीघराला कुलूप?" तूरेचे डोळे मोठे झाले. "गावात कुणी होडीघराला कुलूप लावतं का? आत काहीतरी लपवलंय! मला वाटतं, बॅकलुंडकाकांनीच मुद्दाम बोट फोडली. त्यांना कप्तान घालवायचाच आहे!"

"हळू बोल!" सोलवेगने त्याला गवतात खाली दाबलं. पण तिलाही तेच वाटत होतं.

पिर्यो मात्र मागच्या खाजकुयलीतून वाट काढत गेली होती. "इकडे या! पाय सांभाळा!"

गवतात चार मोठे सपाट दगड होते, चार कोपऱ्यांना. मधली जमीन उघडी, गवताची काडी नाही. इथे परवापरवापर्यंत घर उभं होतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. सोलवेगने पावलं मोजली.

"पाण्याच्या दिशेने चौदा पावलं. ठीक आहे, सगळे तेवढं नेतात. पण बाजूला... चार, पाच, सहा! सहा पावलं बाजूला!"

"सहा पावलांनी काय होतंय?" तूरेने विचारलं.

सोलवेगने चिखलात काडीने दोन ठिपके काढले, चर्च आणि होडीघर, आणि त्यांच्यातून रेष ओढून ती लांब समुद्रात नेली. मग होडीघराचा ठिपका बोटभर सरकवून पुन्हा रेष ओढली. टोकाला दोन रेषांमध्ये वीतभर अंतर पडलं.

"इथे सहा पावलं, तर तिथे पंधरा-वीस! सरळ डुकरिणीच्या पाठीवर!"

"काय चाललंय रे तिकडे?"

तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. बॅकलुंड कंबरेवर हात ठेवून उभे होते.

"स्ट्रॉबेरी शोधतोय, काका!" तूरेने क्षणात उत्तर दिलं.

"खाजकुयलीत?"

"तिथे कुणी शोधत नाही ना, म्हणून!"

बॅकलुंडांची नजर चार दगडांकडे गेली आणि त्यांचे कान लालबुंद झाले. "चला, निघा इथून! आणि ऐका, माझं होडीघर कुठे होतं, कुठे आहे, याच्याबद्दल गावात तोंड उघडायची गरज नाही. कळलं?"

"कळलं, काका!" तिघं एका सुरात म्हणाले आणि पळत सुटले.

"चोराच्या मनात चांदणं!" होडीत बसल्यावर सोलवेग धापा टाकत म्हणाली. "पण आपण नुसतं सांगितलं तर कोण ऐकणार? म्हणतील, पोरं काहीतरी बरळतायत."

"आणि माझ्यावर तर मुळीच विश्वास ठेवणार नाहीत," पिर्यो म्हणाली.

"मग आपण सांगायचंच नाही," सोलवेग सावकाश म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे पाहिलं की तूरेला आधी मजा आणि मग भीती वाटते. "त्यांनाच दाखवायला लावायचं!"

*

शुक्रवारी पाच वाजता अग्निशमन दलाच्या खोलीत समितीचे पाचही सदस्य जमले. मागच्या बाकांवर अर्धं गाव होतं. एडविनकाका काठी टेकत आले होते. ताइस्तो लेहतोवारा पहिल्या रांगेत टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. स्वीडिशमधलं बोलणं त्यांना अर्धंच कळत होतं, उरलेलं पिर्यो कानात सांगत होती. काही वाक्यं मात्र ती गाळून टाकत होती.

"मुद्दा साधा आहे," बॅकलुंड म्हणाले. "रेषेवर राहिला असता तर बोट फुटली नसती. बोट फुटली, म्हणजे रेषेवर नव्हता. यात विचारायचं काय?"

"काका!" मागून तूरे उभा राहिला. "तुम्ही ही रेषा स्वतः धरून दाखवू शकता?"

"पोरांनी सभेत बोलायचं नसतं!"

"नाही, म्हणजे सगळे म्हणतात ना, गावात तुमच्यासारखा खलाशी नाही म्हणून..."

"कोण म्हणतं?" बॅकलुंडांचा आवाज एकदम मऊ झाला.

"सगळेच!" सोलवेगही उठली. "एकदा तुम्ही तुमच्या मोटारबोटीतून समितीला त्या रेषेने आणलंत, तर या कप्तानांना कळेल तरी, खरा दर्यावर्दी कसा असतो! आम्ही बोटीला बाहेरून एक दांडा बांधतो. स्वालानचा तळ पाण्यात जेवढा खोल जातो, बरोबर तेवढाच. तो कुठेही लागला नाही, की झालं सिद्ध!"

पोरांनी माणसाला हरभऱ्याच्या झाडावर असं चढवलं की खाली उतरायला शिडीच उरली नाही. आणि खरं सांगायचं तर बॅकलुंडांना भीती वाटण्याचं कारणही नव्हतं. रेषा चुकेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं!

"चला!" ते गर्जले. "दहा मिनिटांचं काम आहे!"

समितीचे सदस्य, एडविनकाका, ताइस्तो आणि मुलं बोटीत दाटीवाटीने बसली, बाकीचं गाव धक्क्यावर उभं राहिलं. सोलवेगने अग्निशमन दलाच्या झाडूचा लांब दांडा बोटीच्या कडेला उभा बांधला. ताइस्तोंनी स्वतः मापून पाहिलं आणि मान डोलावली. बोट बाहेर गेली, वळली आणि गावाकडे तोंड करून निघाली.

"बघा सगळ्यांनी!" बॅकलुंड सुकाणू धरून म्हणाले. "त्रिकोण कुठे आहे?"

"मनोऱ्याखाली!" सगळे म्हणाले.

"बरोबर खाली आहे ना, काका?" पिर्योने विचारलं. "नंतर नाही म्हणू नका हं!"

"अगदी बरोबर! असं धरायचं, आणि मग माणसाने निर्धास्तपणे..."

खट्ट! कडाड्!

झाडूचा दांडा मधोमध मोडला. वरचा तुकडा उडून बॅकलुंडांच्या टोपीवर बसला आणि टोपी समुद्रात गेली.  मागे, दांड्याचा खालचा तुकडा हेलकावे खात वर आला.

एडविनकाका काठीवर भार देऊन उठले. त्यांनी डोळे बारीक करून होडीघराकडे पाहिलं. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच पाण्यावर आले होते.

"रूनार," ते हळू आवाजात म्हणाले. "होडीघर कधी हलवलंस?"

"मा... मार्चमध्ये. सगळेच हलवतात."

"नेहमीसारखं सरळ पुढे, रेषेवरच?"

बॅकलुंड आपली बुडालेली टोपी शोधत पाण्याकडे पाहू लागले.

"सहा पावलं बाजूला!" तूरेला राहवेना. "आम्ही मोजलीत! जुने दगड अजून तिथेच आहेत!"

"पुढे मोठा धोंडा होता," बॅकलुंड शेवटी पुटपुटले. "बाजूची जागा छान मोकळी होती. नव्याने वर आलेली. ती सगळ्या गावाच्या मालकीची, मला माहीत आहे. परवानगी मागायला हवी होती. म्हणून बोललो नाही, कुलूप लावलं. पण देवाशपथ, रेषेचं माझ्या डोक्यातच आलं नाही! माझ्या लेखी ते होडीघर होतं. नुसतं होडीघर!"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे हा माणूस दुष्ट नव्हताच! नुसता बेफिकीर. आणि त्या बेफिकिरीपायी एकोणीस माणसं बुडता बुडता वाचली होती.

"शाब्बास रे पोरांनो!" एडविनकाका म्हणाले. "चाळीस वर्षं मी रेषेकडे बघितलं, पण ती कशावर उभी आहे ते कधी बघितलं नाही. आणि पिर्यो, त्या दिवशी तू मला प्रश्न विचारलास आणि मी कप ढवळत बसलो. त्याची मला लाज वाटते."

समितीतल्या एका काकूंनी तर सोलवेगला एवढ्या जोरात मिठी मारली की बोट कलंडता कलंडता वाचली! तिथल्या तिथे सगळ्यांनी हात वर केले. लेहतोवारा कप्तान राहणार, घर त्यांचंच राहणार, आणि नवी खूण बॅकलुंडांच्या खर्चाने जुन्या दगडांवर उभी राहणार.

पिर्योने बाबांना भराभर सगळं सांगितलं. ते उठले. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते फिनिशमध्ये बोलले, शांतपणे, आणि पिर्यो अडखळत ते स्वीडिशमध्ये सांगू लागली.

"बाबा म्हणतात, आभारी आहे. पण आठ दिवस झाले. गावात एकानेही मला विचारलं नाही, की ताइस्तो, काय झालं होतं? एकानेही नाही. अशा गावात का राहावं, ते मला कळत नाही."

 सदस्य आपापल्या बुटांकडे पाहू लागले. सोलवेगने पिर्योची बाही घट्ट धरली. सगळं जिंकून शेवटी पिर्यो जाणारच?

तेव्हा बॅकलुंड सुकाणू सोडून पुढे आले. डोक्यावर टोपी नव्हती, केस वाऱ्याने उभे राहिले होते. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून शिकलेल्या मोडक्यातोडक्या फिनिशमध्ये ते म्हणाले, "ताइस्तो, चूक माझी. माफ करा. राहा... कृपा करून."

ताइस्तोंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. "दोस्त तुझे आहेत, शाळा तुझी आहे," ते म्हणाले. "तू सांग. राहायचं?"

पिर्योने सोलवेगकडे पाहिलं. तूरेकडे पाहिलं. मग बॅकलुंडांकडे पाहत ती म्हणाली,

"आधी त्यांना पुन्हा एकदा म्हणायला सांगा, बाबा. मोठ्याने. धक्क्यावरच्या लोकांनाही ऐकू जाऊ दे!"

आणि आमच्या बंदर-समितीच्या अध्यक्षांनी घसा खाकरला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं.